मित्राला औषध पाजायला किती वेळ लागतो?

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या हिशेबीपणामुळे एक बुटका मेला.

घाबरू नका मंडळी, बुटका कागदावरचा होता. आम्ही पाच मित्र दर शनिवारी एकाच्या फ्लॅटवर जमून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एका पात्राचा कागद सांभाळायचा, एकानं डन्जन मास्टर (डीएम) होऊन गोष्ट सांगायची, आणि जिथे निकाल लावायचा असेल तिथे फासे टाकायचे. डीएम राक्षस आणतो, आपण मारतो. कधी कधी राक्षस आपल्याला मारतात. वय वर्षं तिशीच्या पुढची माणसं हे करतात यावर माझ्या आईचा अजून विश्वास बसत नाही. असो.

तर झालं असं. आमच्यातल्या एकाचा बुटका धर्मगुरू होता. दीड वर्ष तो ते पात्र खेळत होता. त्या रात्री दोन ओगर (धिप्पाड, मठ्ठ, हातात सोटा) समोर आणि बुटक्याकडे उरलेत ६ हिट पॉइंट. त्याचे मंत्र संपलेले. सगळ्या ग्रुपमध्ये मिळून एक शेवटची लाल कुपी, म्हणजे जखमा भरून काढणारं पोशन, आणि ती माझ्या योद्ध्याच्या झोळीत. टर्न माझा.

मी हिशेब केला. कुपीतून मिळणार चार-बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक २, म्हणजे सरासरी ७. बुटका ६ वरून १३ वर जाणार. ओगरचा एक फटका सरासरी १३ चा. म्हणजे फटका बसला की तसाही पडणारच. शिवाय पाजण्यात माझी पूर्ण ॲक्शन जाणार, म्हणजे दोन वार बुडाले. त्यापेक्षा आत्ता वार करावेत. बुटका पडलाच तर पुढच्या टर्नला पाजू. पडलेल्या माणसाचे पॉइंट शून्याच्या खाली मोजत नाहीत, त्यामुळे पडल्यावर पाजलेलंच जास्त वसूल होतं. अगदी चोख गणित.

मी वार केले. पहिल्या ओगरनं बुटक्याला पाडलं. मग बुटक्याचा टर्न: जगतो की मरतो याचा फासा, ज्याला डेथ सेव्ह म्हणतात. तीन वेळा चुकला की संपलं. पहिला चुकला. मग दुसऱ्या ओगरचा टर्न. बेशुद्ध माणसाला अगदी जवळून मारलेला फटका दोन चुका धरला जातो. एक अधिक दोन, तीन. माझा टर्न येईपर्यंत बुटका मेलेला, आणि कुपी माझ्या झोळीत जशीच्या तशी.

तो मित्र चिडला वगैरे नाही. कागदाची घडी घातली, आणि निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "अरे, निदान पाजायचं तरी."

तेव्हापासून हा भुंगा माझ्या डोक्याला लागला. या खेळात दुसऱ्याला औषध पाजायला नक्की किती 'वेळ' लागतो, आणि तो कुणी ठरवला? जुनी पुस्तकं चाळायला लागलो (छंदिष्ट माणसाला निमित्त पुरतं). आणि लक्षात आलं की हा एक छोटासा नियम गेली पन्नास वर्षं सारखा बदलतोय, आणि दर वेळी तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतोय: मित्राला मदत करायची, तर स्वतःचं किती सोडायचं?

सुरुवातीपासून सुरुवात करू. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका. दोघंही मूळचे वॉरगेमवाले, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे. दुसऱ्या पुस्तिकेत खजिन्यात सापडणाऱ्या पोशन्सची यादी होती, आणि त्यात जखमा भरणारंही होतं. पण ते पाजायला काय लागतं, ही चर्चा तिथे नाही. ती सुरू होते ती १९७९ मध्ये गायगॅक्सनं लिहिलेल्या 'डन्जन मास्टर्स गाइड' या जाडजूड ग्रंथात.

या ग्रंथाबद्दल एक स्वतंत्र लेख होईल. त्यात औषधांचं एक अख्खं शास्त्र आहे. एका पोटात दोन पोशन्स गेली तर काय होतं याचा तक्ता आहे. शंभरापर्यंतचा आकडा टाकायचा. ०१ आला तर स्फोट. शंभर आला तर दोनांपैकी एका औषधाचा गुण कायमचा अंगी लागतो. मधल्या आकड्यांत विषापासून 'काहीच नाही'पर्यंत सगळं. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्या आपल्या समस्त काका-मामांनी हा तक्ता भिंतीवर लावावा. :-)

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच एका ओळीनं. साध्या औषधाची कुपी पूर्ण प्यावी लागे, अर्धी चालत नसे. त्याचा मोठा भाऊ म्हणजे 'एक्स्ट्रा-हीलिंग'. ते मात्र वाटून घेता येई. एकट्यानं सगळं प्यायलं तर आठ-बाजूंचे तीन फासे अधिक ३. तिसरा हिस्सा प्यायला तर एक फासा, बस्स. आता गुणाकार करा. तिघांनी एकेक हिस्सा घेतला तर तीन फासे झाले, पण ते वरचे ३ कुठे गेले? गेले. वाटून पिण्याचा कर म्हणा हवं तर. १९७९ मध्ये गायगॅक्सनं शेअरिंगची किंमत लावून ठेवली होती: ३ हिट पॉइंट. तिघांत मिळून ३, फार नाही. पण फुकटही नाही.

आणि पडलेल्याला पाजायचं असेल तर? त्या ग्रंथाप्रमाणे शून्यावर आलेला माणूस बेशुद्ध होई आणि दर फेरीला त्याचा एकेक पॉइंट गळत जाई. उणे १० ला मृत्यू. कुणी जखम बांधली, दारूचा किंवा औषधाचा घोट पाजला, तर गळती थांबे. पण तो उठून लढायला लागत नसे! वाचल्यावरही तो एक ते सहा 'टर्न' बेशुद्धच, आणि त्या काळी एक टर्न म्हणजे दहा मिनिटं. वर पूर्ण आठवडाभर विश्रांती, मग कितीही औषधं पाजा.

म्हणजे तेव्हा पाजणाऱ्याला त्या लढाईत काहीच परत मिळत नसे. पडलेला मित्र पुढच्या मिनिटाला तलवार उचलणार नाही हे माहीत असूनच पाजायचं. शिवाय फेरी एक मिनिटाची होती. एका मिनिटात माणूस बरंच काही करतो, त्यामुळे 'पाजणं म्हणजे अर्धी ॲक्शन की पूर्ण' असले वाद घालायला जागाच नव्हती. डीएम सांगेल ते.

मग आलं २००० साल. मधल्या काळात, १९९७ मध्ये, गायगॅक्सची जुनी कंपनी टीएसआर ही विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली होती. तिसरी आवृत्ती लिहिली मॉन्टी कुक, जॉनथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स या तिघांनी, आणि ती वाचताना आपल्या जातीच्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. सगळं नीट व्याख्या केलेलं. फेरी सहा सेकंदांची. त्या सहा सेकंदांचे तुकडे: एक स्टँडर्ड ॲक्शन, एक मूव्ह ॲक्शन, किंवा दोन्ही मिळून एक फुल-राउंड ॲक्शन. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेक्चरला झोपला नसाल तर ओळखलं असेल: टाइम-स्लाइस!

आता वेळ मोजायची म्हटल्यावर औषधालाही किंमत लावावी लागली. स्वतः प्यायचं असेल तर स्टँडर्ड ॲक्शन, आणि पिताना शेजारच्या शत्रूला एक फुकट वार मिळणार. तो वार चक्क तुमच्या हातातल्या कुपीवरही करता येई. बेशुद्ध मित्राला पाजायचं असेल तर फुल-राउंड ॲक्शन. नियमात कारणही होतं: औषध जपून, थेंब थेंब घशात उतरवावं लागतं. हे तसं शहाणपणाचंच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ठसका लागून जीव जाईल, हे प्रथमोपचाराच्या वर्गात आपल्यालाही शिकवतात.

पण खेळात याचा अर्थ काय झाला बघा. झोळीतून कुपी काढायला मूव्ह ॲक्शन. मित्रापर्यंत पोचायला आणखी एक. म्हणजे पहिली फेरी पोचण्यात आणि काढण्यात, दुसरी पाजण्यात. तोवर मित्राचा दर फेरीला एक पॉइंट गळतोय (आपोआप स्थिर होण्याची शक्यता फक्त १० टक्के). आणि एवढं करून स्वस्तातल्या कुपीतून मिळणार सरासरी साडेपाच पॉइंट. मित्र उणे ७ वर असेल तर तो औषध पिऊनही बेशुद्धच! वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

बाजारानं मग आपलं काम केलं. त्या आवृत्तीत ही कुपी ५० सोन्याच्या नाण्यांना मिळे. तोच मंत्र भरलेली छडी ७५० ला, आणि ती ५० वेळा चाले. म्हणजे दर वापराला १५ नाणी. हिशेबी लोकांनी कुप्या घेणं सोडलं आणि छड्या घेतल्या. लढाई संपली की छडीवाला सगळ्यांना रांगेत उभं करून टोचायचा, लसीकरण केंद्रासारखा. आणि लढाई चालू असताना मदत करायची ती धर्मगुरूनं. त्याच्या सगळ्या ॲक्शन्स त्यातच जायच्या. ते पात्र घ्यायला कुणी तयार नसायचं, कारण पंक्तीत वाढप्याला जेवायला शेवटी मिळतं.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीनं नेमकं हे दुखणं धरलं. धर्मगुरूचा बरं करणारा मंत्र 'मायनर' ॲक्शनमध्ये बसवला, म्हणजे मित्राला बरं करा आणि शिवाय स्वतःचा वारही करा. आणि कुपी? स्वतः प्यायची तर मायनर. बेशुद्ध मित्राला पाजायची तर स्टँडर्ड. एका ओळीच्या अंतरावर दोन दर! आपलं तोंड स्वस्त, मित्राचं तोंड महाग. व्यवहारात तसंच असतं म्हणा. पण छापलेलं पाहिल्यावर जरा टोचतं.

याच आवृत्तीपासून आणखी एक बदल आला, आणि बुटक्याच्या मृत्यूचं मूळ तिथे आहे: बरं करताना मोजणी शून्यापासून सुरू व्हायची. किती खोल पडलात याला अर्थ राहिला नाही. एक पॉइंट मिळाला तरी माणूस शुद्धीवर. १९७९ चा आठवडाभराचा आराम इतिहासजमा झाला.

२०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि तिनं दर पुन्हा एक केला, पण वरचा: प्यायला एक पूर्ण ॲक्शन, दुसऱ्याला पाजायलाही एक पूर्ण ॲक्शन. धर्मगुरूचा मंत्र मात्र बोनस ॲक्शनमध्ये, तोही ६० फुटांवरून. म्हणजे ज्याच्याकडे मंत्र आहे तो दुरून, बोलता बोलता मित्राला उठवणार. आणि ज्याच्याकडे फक्त कुपी आहे त्यानं धावत जायचं, वाकायचं, पाजायचं आणि वार सोडायचा.

आता हे तीन नियम एकत्र ठेवा. पाजणं महाग. औषध थोडं, राक्षसाच्या एका फटक्याएवढंही नाही. आणि शून्याखालचं नुकसान माफ. प्रोग्रॅम लिहायला बसलात तर सर्वात फायदेशीर चाल कुठली निघेल? मित्र पडेपर्यंत थांबा. पडल्यावर एक घोट पाजा. तो उठेल, एक वार करेल, पुन्हा पडेल. पुन्हा पाजा. असं लिहिलेलं कुठल्याच पुस्तकात नाही, कुणा डिझायनरच्या मनातही नसेल. पण नियमांच्या फटीतून ते आपोआप उगवतं. आपल्या कामातही असं होतं: किती बग बंद केले यावर बढती ठेवली की लोक आधी बग उघडायला लागतात.

म्हणजे २०१९ मध्ये मी जे केलं ते मी शोधलेलं नव्हतं. नियमांनी मला ते शिकवलं होतं. (हा बचाव मी त्या मित्राला ऐकवला. त्यानं चहा ढवळत नुसतं "हं" केलं.)

खेळणाऱ्यांना हे खुपत होतंच. म्हणून घरोघरी एक पळवाट रूढ झाली: स्वतः प्यायचं तर बोनस ॲक्शन, दुसऱ्याला पाजायचं तर पूर्ण. २०१५ पासून मॅथ्यू मर्सर 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात हा खेळ प्रेक्षकांसमोर चालवत होता, त्याच्या टेबलावर हाच नियम होता, आणि तो बघून तो असंख्य टेबलांवर गेला. आमच्याही गेला, बुटक्यानंतर महिन्याभरात. कुणाच्या लक्षात आलं नाही की ही २००८ चीच दुहेरी दरव्यवस्था होती. २०२३ मध्ये लॅरियनचा 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटर गेम आला. त्यातही प्यायला बोनस ॲक्शन. मित्रासाठी काय, तर कुपी त्याच्या अंगावर फेकून फोडायची, आणि फेकायला पूर्ण ॲक्शन. (काच अंगावर फुटून माणूस बरा होतो ही कल्पना एकदा मान्य केली की मजा येते.)

आणि मग २०२४. सुधारित नियमपुस्तकात औषधाची नोंद बदलली: बोनस ॲक्शन. स्वतः प्या किंवा पाच फुटांच्या आत असलेल्या दुसऱ्या कुणाला पाजा. किंमत तीच. मिळणारे पॉइंटही तेच, दोन चौकोनी फासे अधिक २. तो फासा १९७९ च्या साध्या कुपीचाच आहे, आणि ५० नाण्यांचा भाव २००० पासून हललेला नाही (महागाई फक्त आपल्याकडे). बदललं ते एवढंच, की आपलं तोंड आणि शेजाऱ्याचं तोंड एका दरात आलं, आणि तो दर खाली आला.

घरगुती नियम तसाच्या तसा छापून टाकणं त्यांना सोपं होतं, सगळे तोच खेळत होते. पण त्यांनी त्यातली 'दुसऱ्याला पाजायचं तर महाग' ही बाजू काढून टाकली. हे मला फार आवडलं. का केलं ते मी सांगू शकत नाही, पण टेबलावर परिणाम काय झाला ते सांगू शकतो.

आम्ही नव्या नियमांवर गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी मी जुनं गणित पुन्हा मांडून बघितलं. तेच दोन ओगर, तोच बुटका, तीच कुपी. नव्या नियमानं मी दोन्ही वार केले असते आणि शिवाय पाजलंही असतं. बुटका १३ वर. ओगरचा सरासरी फटका १३ चा. म्हणजे... बुटका तरीही पडला असता! सरासरीनं तरी. आणि 'पडेपर्यंत थांबा' हे गणित २०२४ मध्येही पूर्ण चुकीचं ठरलेलं नाही, कारण शून्याखालचं नुकसान आजही माफच आहे. पाजणं स्वस्त झालं, पण वाट बघणं फायद्याचं राहिलं.

पाच वर्षं मी नियमाला दोष देत होतो, तो नियम बदलला आणि बुटका कागदावर पुन्हा मेला. मग बसून विचार केला. सरासरी १३ म्हणजे काय? दोन आठ-बाजूंचे फासे अधिक ४. अर्ध्याहून थोड्या कमी वेळा तो फटका १३ पेक्षा कमीच बसतो. शिवाय फटका चुकूही शकतो. माझं गणित बरोबर होतं, पण ते दहा हजार बुटक्यांचं होतं. टेबलावर एकच होता, आणि त्याचा मालक माझ्या शेजारी बसून माझ्याकडे बघत होता. त्याला ७ पॉइंट नको होते. मी झोळीत हात घालतो का, एवढंच तो बघत होता.

१९७९ च्या नियमात ही गोष्ट उघड होती. पाजलेला मित्र लढाईत परत येणार नाही, तेव्हा पाजताना फायद्याचा हिशेब करायला वावच नव्हता. पाजायचं कारण एकच, की तो मित्र आहे. नंतरच्या नियमांनी मित्राला लवकर उभं केलं, हे चांगलंच झालं. आठवडाभर कोण कोपऱ्यात झोपून राहणार? पण त्याबरोबर तो उभा राहून काय करू शकेल हे मोजायची सवय आम्हाला लागली.

गेल्या महिन्यात पुन्हा तसाच प्रसंग आला. तोच मित्र, आता त्याची एक चेटकीण आहे, ११ हिट पॉइंटवर. अजून उभी. माझ्याकडे एक कुपी. हिशेबानं थांबायला हवं होतं.

मी म्हटलं, "बोनस ॲक्शन, तिला पाजतो."

डीएमनं विचारलं, "आत्ता? ती पडलेली नाहीये."

"माहितीये."

फासे पडले: एक आणि एक, अधिक २. चार पॉइंट. टेबलावर हशा पिकला. पुढच्या टर्नला ट्रोलनं तिला पाडलंच, आणि कुपी संपलेली असल्यामुळे आमची अशी काही तारांबळ उडाली की विचारू नका. शेवटी तिनं डेथ सेव्हमध्ये २० टाकला आणि आपली आपणच उठली.

घरी जाताना लिफ्टमध्ये तो मित्र म्हणाला, "फालतू चाल होती ती."

म्हटलं, "हो."

"२०१९ ची उधारी होती का?"

लिफ्ट तळमजल्यावर आली. पाऊस होता, आणि छत्री एकच होती. असो. पुढचा शनिवार त्याच्याकडे आहे, वडापाव मी नेणार आहे.